प्रादेशिक दफ्तरांवरचा लेख: हद्द कुठे आखावी?

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा असते. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडू नये, हा तिचा उपयोग. महाराष्ट्रातल्या दफ्तरांवर, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या साठ्यांवर, शोधनिबंध लिहिणाऱ्याला कोणते कागद घ्यायचे आणि कुठे थांबायचं ही मर्यादा स्वतःच ठरवावी लागते. ती ठरवण्याआधी आज जो कागद जिथे आहे, तो तिथे कसा पोचला हे पाहायला हवं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचं दफ्तर कंपनी सरकारच्या हाती गेलं. इतिहास जपावा म्हणून सरकारने ते सांभाळलं नाही. कोणती जमीन इनाम, म्हणजे करमाफीची, कोणाचं वतन खरं, कोणत्या गावाचा वसूल किती, हे पाहायला ते लागत होतं. 1852 च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या सनदा दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहणं सुरू झालं. त्याआधी, 1848 मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालं होतं, तेव्हा छत्रपतींचे कागदही या साठ्यात आले. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'पेशवे दफ्तर' म्हणतो त्यात सातारकर छत्रपतींचे कागद आहेत आणि इंग्रजी अमलातल्या चौकश्याही आहेत. नावावर विसंबून लेखाची चौकट आखली तर पहिली चूक इथेच होते.

दफ्तरातला रुमाल, म्हणजे कागदांचा कापडी गठ्ठा, सोडला की हे लगेच कळतं. जाडाभरड्या कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून लांबट, अरुंद बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, निघतात. बोरूने लिहिलेली मोडी, शब्दांत जागा न सोडता धावलेली ओळ. आणि मजकूर? रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), ताळेबंद, गावझडत्या (गावांचे हिशेब). लढायांची पत्रं यात थोडी, हिशेब फार. पण 1930 ते 1934 या काळात रियासतकार सरदेसाईंनी या दफ्तरातून निवडलेले 45 खंड निघाले आणि त्यात राजकारणाच्या पत्रांना मोठं स्थान मिळालं. ते काम अफाट आहे, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही निवड म्हणजे दफ्तर नव्हे, आणि बरेच लेख निवडीलाच दफ्तर समजून लिहिले जातात.

कागद जमण्याचा दुसरा प्रवाह सरकारी नव्हता. इतिहासकार वि. का. राजवाडे वाड्यांतून, माळ्यांवरून कागद शोधत हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 चा. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्याला त्यांच्या नावाचं मंडळ. इथले कागद मुख्यतः घराण्यांचे. घराण्यांचा कागद एका जागी राहत नाही. नाना फडणिसांचं मेणवलीचं दफ्तर पाहा: त्यातला मोठा भाग इतिहाससंग्राहक द. ब. पारसनिसांच्या हाती आला, त्यांच्या संग्रहातून साताऱ्याच्या संग्रहालयात आणि 1939 मध्ये तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 'साताऱ्याची दफ्तरं' असा लेख लिहिणाऱ्याने ते घ्यायचं की सोडायचं?

नकाशाही मदतीला येत नाही. 1956 पर्यंत नागपूर मध्यप्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या कारभारात, मराठवाडा हैदराबादच्या. निजामी अमलातले कागद फार्सी-उर्दूत, आणि त्यांतले पुष्कळ आजही हैदराबादला. 'आजचा महाराष्ट्र' ही हद्द धरली तर बडोद्याचं गायकवाडी दफ्तर आणि तंजावरचे मोडी कागद बाहेर राहतात. 'मोडी' ही हद्द धरली तर मराठवाड्याचा मोठा भाग सुटतो. गोवाही सुटतो, आणि ते परवडणारं नाही. गोव्याच्या अभिलेखागाराची सुरुवात 1595 पासूनची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कूतु त्याचा पहिला रक्षक. मराठ्यांच्या पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधांबद्दल तिथे किती सामग्री आहे, हे गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून दाखवलं.

माझं मत असं: हद्द नकाशावरून आखू नये, संस्थेच्या पाटीवरूनही आखू नये. कागद कुठल्या कामासाठी तयार झाला, ते काम धरावं आणि त्या कामामागे कागद जिथे जिथे गेला तिथे जावं. इनाम चौकशीच घ्या. 1852 ला अधिकार मिळाले आणि 1863 च्या कायद्यांनी ठरावीक आकारणी घेऊन बहुतेक चौकश्या मिटवल्या, म्हणजे काळाची हद्द आपोआप मिळते. जिल्हा सातारा धरला तर जागेचीही मिळते. मग मूळ सनद इनामदाराच्या घरी किंवा मंडळात, तिची नोंद पुण्याच्या रुमालात आणि वरिष्ठांशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार मुंबईच्या दफ्तरखान्यात, जो 1821 पासून चालू आहे. एकच जमीन, तीन ठिकाणचे कागद.

एवढ्यातच काम भरपूर होतं. मोडी कागदावर शुहूर सन ही जुनी कालगणना असते, इसवी सन काढायला त्यात 599 किंवा 600 मिळवावे लागतात. मराठवाड्याकडे वळलात की फसली सन, तिथे 590 किंवा 591. गोव्यात गेलात की पोर्तुगीज शिकणं आलं. दहा अभिलेखागारं एका लेखात घेणाऱ्याला प्रत्येकाचा पत्ता आणि दोन ओळींची माहिती यापलीकडे जागा उरत नाही. साताऱ्यातल्या एका इनामाच्या चौकशीला मात्र पंचवीस पानंही कमी पडतील.