स्कॅन स्वच्छ म्हणजे कॉम्प्युटर स्वच्छ?

‘अँटिव्हायरसला काही सापडलं नाही, म्हणजे काही नाहीच,’ हा समज जुना आणि चुकीचा. रूटकिट प्रकारचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ऑपरेटिंग सिस्टिममध्येच घुसतो; स्कॅनरने फाइलींची यादी मागितली की स्वतःचं नाव गाळून ती पुढे करतो. चोरालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं! २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींमधून शिरलेलं असंच सॉफ्टवेअर विंडोजतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी रूटकिटरिव्हीलर या टूलने पकडलं. हे टूल विंडोजने दिलेली यादी डिस्कवरच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहायचं. तफावत दिसली की संशय. शंका असेल तर दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर तयार केलेल्या रेस्क्यू पेनड्राइव्हवरून (त्यात स्वतःची छोटी सिस्टिम आणि स्कॅनर असतो) मशीन सुरू करून स्कॅन करा. तेव्हा विंडोज झोपलेलं असतं, रूटकिटही. फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या चिपमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरलेला मालवेअर मात्र डिस्क फॉरमॅट करूनही उरू शकतो.