राज्य निवडणूक आयोग ही भारत निवडणूक आयोगाची शाखा नाही

महापालिकेची प्रारूप मतदार यादी लागली की तोच गोंधळ पुन्हा सुरू होतो. ज्याला नाव सापडत नाही तो म्हणतो, ‘निवडणूक आयोगाने नाव कापलं.’ बातमीतही नुसतंच ‘निवडणूक आयोग’ छापलेलं असतं. कुठला आयोग, हे कुणी विचारत नाही आणि तक्रार भलत्याच दारात जाऊन पडते. हरकतींची मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यातले दोन दिवस चुकीच्या टेबलापुढे गेले तर ती हरकत बहुतेक वेळा राहूनच जाते. म्हणून माझा आग्रह आहे की ‘राज्य’ किंवा ‘भारत’ हा शब्द लावल्याशिवाय ‘निवडणूक आयोग’ असं लिहूच नये.

भारत निवडणूक आयोग सगळ्यांच्या परिचयाचा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३२४, स्थापना २५ जानेवारी १९५०, आणि लोकसभेपासून विधान परिषदेपर्यंतच्या व राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींच्या निवडणुका. राज्यात त्याचं काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतात. या पदनामामुळे अनेकजण त्यांनाच राज्य निवडणूक आयुक्त समजतात, पण ती दोन वेगळी माणसं आणि दोन वेगळी कार्यालयं आहेत.

राज्य निवडणूक आयोग आला ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीतून. त्या १९९३ मध्ये लागू झाल्या आणि महाराष्ट्रात आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका या सगळ्यांच्या निवडणुका त्याच्याकडे आहेत. आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, आणि त्यांना पदावरून काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकीच अवघड प्रक्रिया आहे. दिल्लीतून त्यांना आदेश येत नाहीत. आपल्या क्षेत्रात या आयोगाचा दर्जा भारत निवडणूक आयोगासारखाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सांगितलं. ‘शाखा’ हा शब्द मला खटकतो तो यासाठी.

लोकांचा घोळ होतो यात त्यांचा दोष नाही. जिल्हाधिकारी दोन्हीकडे तेच, तहसीलदार तेच, मतदान केंद्र त्याच शाळेच्या त्याच वर्गात, टेबलामागे तेच शिक्षक आणि बोटाला शाई. समोर सगळं एकसारखं दिसत असताना मागचा मालक बदललाय हे कळणार कसं?

आता मूळ मुद्दा, मतदार यादी. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. केरळ, उत्तर प्रदेश अशा काही राज्यांत स्थानिक निवडणुकांसाठी वेगळी यादी केली जाते, आपल्याकडे नाही. आपल्याकडे भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. राज्य आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जे असतील तेच मतदार. २०२५ मध्ये महापालिकांसाठी ही तारीख १ जुलै होती. त्यानंतर विधानसभेच्या यादीत आलेला माणूस या निवडणुकीपुरता बाहेर.

यादी फोडली जाते कशी, हे जवळून पाहिलं की चूक कुठे शिरते ते दिसतं. विधानसभेची यादी भागांत लावलेली असते, एका भागात साधारण हजारभर नावं. प्रभागाची हद्द मात्र नाला, रस्ता, रेल्वे रूळ धरून जाते आणि एखाद्या भागाच्या मधूनच निघते. मग कर्मचारी यादी हातात घेऊन ठरवतो, की या चाळीची नावं इकडे, त्या सोसायटीची तिकडे. पत्ता अर्धवट असेल, घर क्रमांकाच्या जागी नुसती रेघ असेल, तर अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाऊन बसते.

यावरून दोन तक्रारी वेगळ्या होतात. नाव विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभाग चुकलाय, किंवा त्या यादीत असून प्रभागाच्या यादीत उतरलंच नाही, किंवा लेखनिकाची चूक आहे, तर महापालिकेत हरकत द्यायची. इथे भारत निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर अर्ज भरून काहीही होत नाही. आणि नाव मुळात विधानसभेच्या यादीतच नसेल, तर महापालिकेतल्या टेबलाशी कितीही भांडा, त्या माणसाला नाव घालण्याचा अधिकारच नाही. तिथे बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन अर्ज क्रमांक ६, नाव वगळायचं तर ७, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला ८.

मागे एका पालिकेच्या कार्यालयात मी एका मावशींसोबत यादी चाळत होतो. त्यांचं नाव नव्हतं, मुलाचंही नव्हतं. ‘दोघांची कार्डं आहेत की हो,’ असं म्हणत त्यांनी ती माझ्यापुढे धरली. विधानसभेच्या यादीत मावशींचं नाव निघालं, म्हणजे प्रभाग चुकला होता. हरकत दिली, त्यांना पोच मिळाली. मुलाचं नाव मात्र तिथेही नव्हतं. भाड्याचं घर बदललं तेव्हा जुन्या पत्त्यावरून ते निघालं आणि नव्या पत्त्यावर कुणी घातलंच नाही. खिडकीतल्या बाई दोन्ही अर्ज एकाच फायलीत घ्यायला निघाल्या होत्या, त्यांनाही फरक सांगावा लागला. कार्ड म्हणजे ओळख, यादीतलं नाव म्हणजे मत. कार्ड दाखवून यादीत शिरता येत नाही.

दुबार नावांचंही तसंच. २०२५ च्या याद्यांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे दिसले, तेव्हा ‘सरळ काढून का टाकत नाहीत?’ असा ओरडा झाला. नाव काढणं राज्य आयोगाच्या हातात नाही. खूण करणं, मतदार कुठल्या एका केंद्रावर मत देणार ते विचारणं, एवढंच त्याला करता येतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसतं, स्थानिक निवडणुकांत यंत्राला व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र) जोडत नाहीत, दोघांच्या आचारसंहिता वेगळ्या लागतात.

एक अपवाद मात्र जाणत्यांनाही चकवतो. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मत देतात, म्हणून ती राज्य आयोगाची निवडणूक वाटते. पण आमदार निवडायचा असतो, त्यामुळे ती भारत निवडणूक आयोगाची. आणि मतदारच स्थानिक संस्थांतून येत असल्यामुळे, २०२२ नंतर संस्थांवर प्रशासक बसले तेव्हा त्या जागाही रिकाम्या होत गेल्या. राज्य आयोगाच्या निवडणुका रखडल्या, म्हणून दुसऱ्या आयोगाला मतदारच उरले नाहीत.