काचेच्या किण्वनपात्राची स्वच्छता आणि जंतुनाशन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरी बिअर किंवा वाइन तयार करणाऱ्यांना आम्ही जी काचेची पात्रे देतो, त्यांच्यासोबत हे पत्रक आवर्जून देतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) किंवा यीस्टमध्ये नसते, तर पात्राच्या आतल्या भिंतीवर असते. बिअर आंबट झाली, तिला औषधासारखा वास येतो, वर पांढरी साय धरली, असे सांगत ग्राहक येतात आणि पात्र उजेडासमोर धरले की, जिथे काच गळ्याकडे वळते तिथे, एक फिकट तपकिरी कडे हमखास दिसते. समोरून पाहताना ते डोळ्यांना चटकन जाणवत नाही. पात्र आडवे करून, उजेड मागे ठेवून पाहावे लागते.

हे कडे आंबण्याच्या पहिल्या काही दिवसांत तयार होते. त्या वेळी वर चढणाऱ्या फेसाबरोबर प्रथिने, हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ आणि यीस्ट हे सगळे वर जाते आणि फेस उतरला की काचेला चिकटून राहते. ओले असताना हे कडे ऊन पाण्याने आणि मऊ ब्रशने सहज निघते. मात्र एकदा वाळले की ते काचेला असे धरून बसते की नुसत्या घासण्याने हलत नाही. म्हणून पात्र रिकामे केल्यावर ते दुसऱ्या दिवसावर न टाकता त्याच वेळी विसळावे, आणि तेवढाही वेळ नसेल तर निदान पाण्याने गळ्यापर्यंत भरून ठेवावे.

स्वच्छता आधी, जंतुनाशन नंतर

ही दोन वेगळी कामे आहेत. स्वच्छता म्हणजे दिसणारी आणि न दिसणारी घाण काढणे. जंतुनाशन म्हणजे त्यानंतर काचेवर उरलेले जीवाणू आणि रानटी यीस्ट इतके कमी करणे, की आपण घातलेल्या यीस्टला आधी जम बसवता यावा. एकही जिवंत जंतू न उरणे, म्हणजे खऱ्या अर्थाने निर्जंतुक होणे, एवढ्या मोठ्या पात्राच्या बाबतीत घरच्या साधनांनी साधत नाही आणि त्याची आवश्यकताही नसते. मात्र पहिले काम अर्धवट ठेवून दुसरे करता येत नाही, कारण वाळलेल्या थराच्या आत जंतुनाशक पोहोचत नाही, आणि क्लोरीन किंवा आयोडीन असलेल्या द्रावणाची बरीचशी ताकद त्या घाणीशी झगडण्यातच संपून जाते. तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांनी बहुतेक वेळा जंतुनाशक वापरलेले असते, भरपूर वापरलेले असते. ते वापरलेले असते न निघालेल्या कड्यावर.

स्वच्छतेसाठी आम्ही सोडियम परकार्बोनेट सुचवतो. ते पाण्यात विरघळले की त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. पहिल्याने डाग सुटतो आणि दुसऱ्याने चिकटपणा. पाकिटावर वेगळे प्रमाण दिलेले नसेल तर दर लिटर पाण्याला ४ ते ५ ग्रॅम पावडर पुरते. ती आधी बादलीत पूर्ण विरघळवून मग द्रावण पात्रात ओतावे, आणि ते कड्याच्या वरपर्यंत येईल इतके भरावे. पाणी हाताला सोसेल इतके ऊन असावे. या काचेवर उकळते पाणी कधीही ओतू नये, कारण ही पात्रे प्रयोगशाळेतल्या उष्णतारोधक काचेची नसतात आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात अचानक मोठा फरक पडला की तळ तडकतो. पात्र गार असेल तर आधी कोमट पाण्याने विसळून मग ऊन द्रावण घालावे.

भिजत ठेवलेल्या पात्राला बूच लावू नये. या द्रावणातून प्राणवायू सुटत राहतो, आणि बंद पात्रात त्याचा दाब वाढत जातो. सैल झाकलेले फडके पुरेसे आहे. काही तासांत बहुतेक कडी आपोआप सुटतात. जुने असेल तर रात्रभर ठेवावे, मात्र द्रावण दिवसेंदिवस आत राहू देऊ नये, कारण पाणी जड असल्यास काचेवर पांढरा थर बसतो. तो बसलाच तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने निघतो. ब्रश वाकड्या दांड्याचा आणि नायलॉनच्या केसांचा घ्यावा. दांड्याचे लोखंडी टोक उघडे पडलेले असेल तर तो ब्रश टाकून द्यावा, कारण काचेवर उठलेला चरा हीच पुढे तडा जाण्याची जागा ठरते. भांडी घासण्याचा सुगंधी साबण टाळलेला बरा, कारण त्याचा उरलेला अंश बिअरचा फेस टिकू देत नाही.

पात्र खरोखर स्वच्छ झाले की नाही, हे काचच सांगते. साध्या पाण्याने चांगले विसळून पात्र उलटे करावे आणि आतून उतरणारे पाणी नीट पाहावे. स्वच्छ काचेवरून ते सलग, पातळ पडद्यासारखे उतरते; जिथे पडदा फाटतो किंवा थेंब अडकून राहतात तिथे अजून चिकटपणा आहे असे समजावे आणि तेवढा भाग पुन्हा घासावा. नुसत्या डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा आमचा या पाहणीवर अधिक विश्वास आहे.

कोणते जंतुनाशक वापरावे

फॉस्फोरिक आम्ल असलेले फेसाळ जंतुनाशक वापरण्यास सर्वांत सोपे आहे. लिटरमागे साधारण दीड मिलिलिटर मिसळून थोडेसे द्रावण पात्रात घ्यावे, पात्र मऊ चटईवर टेकवून सावकाश फिरवावे आणि आतला संपूर्ण भाग, गळ्यासह, एक ते दोन मिनिटे ओला राहील असे पाहावे. नंतर द्रावण ओतून टाकावे. आत उरलेल्या फेसाची काळजी करू नये आणि तो धुऊनही काढू नये, कारण नळाच्या पाण्याने विसळल्यास पात्रात पुन्हा जंतू जाऊ शकतात. आयोडोफोर, म्हणजे आयोडीनयुक्त जंतुनाशक, हेही चांगले काम करते. दहा लाखात साडेबारा भाग आयोडीन असे सौम्य द्रावण करून पात्र नीट निथळले की ते धुवावे लागत नाही. द्रावणाचा पिवळसर तपकिरी रंग उडाला तर त्याची ताकद गेली असे समजावे.

क्लोरीनचे ब्लीच आम्ही सुचवत नाही. ते जंतू मारते यात शंका नाही, पण त्याचा किंचित अंशही उरला तर माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि वर सांगितलेला औषधी वास त्यातूनच येतो. तो एकदा आला की बिअर कितीही मुरवली तरी जात नाही. ब्लीचच वापरायचे असेल तर बिनसुगंधी घ्यावे आणि उकळून गार केलेल्या पाण्याने पात्र अनेकदा विसळावे. ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा वर सांगितलेल्या आम्लयुक्त जंतुनाशकात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जंतुनाशन नेहमी पात्र भरण्याच्या आधी लगेच करावे; आदल्या आठवड्यात केलेले उपयोगी पडत नाही. रबरी बूच, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) आणि बिअर काढण्याची नळी यांनाही हीच पद्धत लागू आहे, पण नळी आतून काळपट झाली असेल तर ती घासत न बसता बदलावी.

आता आपल्या हातांविषयी. २३ लिटरचे भरलेले पात्र साधारण ३० किलोचे होते. ते गळ्याला धरून उचलू नये. खालून आधार द्यावा, शक्यतो पट्ट्यांच्या झोळीत किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवूनच हलवावे, आणि हात व काच दोन्ही कोरडी असल्याशिवाय उचलूच नये. बेसिनमध्ये धुताना तळाशी रबरी चटई घालावी. पात्र फुटण्याचे प्रसंग धुताना, साबणाच्या हातांनी, नळाच्या तोटीवर आपटूनच अधिक घडतात.

ठेवून देण्यापूर्वी पात्र उलटे करून पूर्ण वाळवावे, कारण तळाशी राहिलेल्या चमचाभर पाण्यातही बुरशी धरते. प्रत्येक वेळी तळाच्या कडेवरून आणि गळ्याभोवती नख फिरवून पाहावे. नख अडकले किंवा केसासारखी रेघ दिसली, तर त्या पात्रात पुन्हा काहीही भरू नये. शंका वाटल्यास रिकामे पात्र जाड कापडात गुंडाळून आमच्याकडे आणावे. आम्ही ते आपल्यासमोर तपासून देऊ.