फांदी जागी होते ती थंडीने

दरवर्षी डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद वर्तमानपत्रांत झळकते आणि सोबत एक वाक्य हमखास येते: थंडीने झाडे झोपतात, ऊन वाढले की जागी होतात. यातला पहिला भाग अपुरा आहे आणि दुसरा जवळजवळ उलटा आहे.

याच दिवसांत जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाचीने एक छायाचित्र पाठवले. बाहेर बर्फ, आणि खिडकीतल्या बरणीत फॉर्सिथियाच्या निष्पर्ण काड्यांवर पिवळीधमक फुले. तिकडे थंडीत झुडपाच्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवतात आणि एक ते तीन आठवड्यांत त्या फुलतात. ही फुले घरातल्या उबेत तयार होत नाहीत. ती आदल्या उन्हाळ्यातच कळीच्या खवल्यांखाली घडलेली असतात, ऊब त्यांना फक्त उघडते. मात्र तीच फांदी ऑक्टोबरात कापली, तर कितीही उबेत ठेवली तरी सहसा ढिम्म राहते. तिला आधी पाच अंशांच्या आसपासची साधारण सहा ते आठ आठवड्यांची थंडी लागते.

हे का, याचे उत्तर मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी एक वाटते. वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी भिंतींतून आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म वाटांनी जोडलेल्या असतात. त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. वाढीचे संदेश याच वाटांनी कळीच्या टोकापर्यंत पोहोचतात. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की पानांना ते कळते, कळीत वाढ रोखणाऱ्या अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचा प्रभाव वाढतो आणि या वाटांच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या शर्करा-बहुवारिकाची बुचे बसतात. म्हणजे कडाक्याची थंडी पडण्यापूर्वीच, दिवसाच्या लांबीवरून, कळी आतून कुलूपबंद होते. बर्च आणि पॉप्लर या झाडांवरील संशोधनात हे तपशिलाने दिसले आहे. पुढचा भाग त्याहून विलक्षण आहे. कळीच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यांच्यावर कॅलोज तोडणारे ग्लुकॅनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. दीर्घकाळच्या थंडीत हे थेंब पेशीच्या कडेकडेने त्या बंद वाटांपाशी जातात, विकर बुचे विरघळवते आणि वाटा मोकळ्या होतात; मग जिबरेलिनसारख्या वाढीच्या संप्रेरकांना काम करता येते. थंडीने कुलूप उघडते आणि उबेने दार ढकलले जाते. नोव्हेंबरातल्या चार उबदार दिवसांना झाड फसत नाही ते यामुळेच.

जर्मनीत ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, चेरीची फांदी घरात आणतात आणि ती नाताळापर्यंत फुलली तर घरात लग्न किंवा भाग्योदय होतो असे मानतात. आपल्याकडेही अवेळी आलेल्या मोहोराचा शुभाशुभाशी संबंध जोडणारे आहेत. न फुललेली फांदी घराच्या नशिबाबद्दल काही सांगत नाही; तोवर तिच्या वाट्याला थंडी पुरेशी आली नव्हती, एवढे मात्र बरेचदा सांगते.

थंडीची ही अट चुकवताही येते. ‘जीन’ हा शब्द १९०९ मध्ये देणारे डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी लायलॅकची झुडपे ईथरच्या वाफेत ठेवून वेळेआधी फुलवली होती. व्हिएन्नाचे हान्स मोलिश यांनी नुसत्या ३० ते ३५ अंशांच्या पाण्यात फांद्या नऊ ते बारा तास बुडवून तेच साधले. पेशीला मर्यादित धक्का बसला की तिची श्वसनक्रिया ढवळली जाते आणि सुप्तावस्था मोडते, असे यामागचे स्पष्टीकरण आहे.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यात नवे काही वाटणार नाही. ऑक्टोबरच्या गोडी, म्हणजे फळांसाठीच्या, छाटणीच्या वेळी दिंडोरी-पिंपळगावच्या बागांना थंडी मिळालेलीच नसते, म्हणून डोळे (काडीवरच्या कळ्या) एकसारखे फुटावेत यासाठी काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन डोळ्यातील कॅटालेज विकराला अडवते, हायड्रोजन पेरॉक्साइड साचते आणि तोच धक्का बसतो. ते हाताळणाऱ्या मजुरांना हातमोजे मिळालेच पाहिजेत. शिवाय पेस्टिंगच्या आधी-नंतरचे काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य हवे, कारण हे रसायन शरीरात मद्याचे विघटन अर्धवट थांबवते आणि विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून जीव धोक्यात येऊ शकतो. ही सूचना बाटलीवर बारीक अक्षरांत असते. ती बांधावर मोठ्याने सांगितली गेली पाहिजे.

फॉर्सिथिया आपल्याकडे नसला, तरी हे घरी पाहता येते. गेल्या छाटणीत बांधावर पडलेल्या, पेस्ट न लावलेल्या चार काड्या मी आणल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात ठेवून दर दोन दिवसांनी पाणी बदलले. बागेतले पेस्ट केलेले डोळे आठ-दहा दिवसांत फुगून पोंगा अवस्थेत आले, माझे मात्र रेंगाळत, मागेपुढे फुटले, आणि एक फुटलाच नाही. पण जो सर्वांत आधी फुटला, त्याचे तपकिरी खवले दुभंगून आधी कापसासारखी लव दिसली, मग इवलीशी पाने उलगडली, आणि एका पानाच्या समोरच्या बाजूला मोहरीएवढा हिरवा घड होता. नव्या काड्यांसाठी एप्रिलमध्ये होणाऱ्या खरड छाटणीनंतर, भर उन्हाळ्यात, तो त्या डोळ्यात घडू लागला होता.