ओपिऑइड-पालट

चिरकारी वेदनेसाठी दीर्घकाल परिणाम करणारे ओपिऑइड औषध (अफूतून मिळणाऱ्या मॉर्फिनाच्या वर्गातील वेदनाशामक) घेणाऱ्या रुग्णाचे ते औषध थांबवून त्याच वर्गातील दुसरे सुरू करण्याच्या पद्धतीस ओपिऑइड-पालट म्हणतात. मात्रा वाढवूनही वेदना आटोक्यात येत नाही, किंवा ती येण्याआधीच गुंगी, भ्रम, मळमळ, स्नायूंचे झटके असा त्रास असह्य होतो, तेव्हा हा मार्ग धरला जातो. मूत्रपिंडाचे कार्य खालावणे व गोळी गिळता न येणे हीही नेहमीची कारणे आहेत.

ही कल्पना साधारणपणे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. कॅनडातील एडमंटन येथे एदुआर्दो ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांवरील अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वीही तुरळक रुग्णवृत्ते आढळतात. या पद्धतीला दोन आधार दिले जातात. पहिला असा की, मॉर्फिनापासून यकृतात बनणारी ग्लुकुरोनाइड संयुगे मूत्रपिंड दुबळे असल्यास साठत जातात आणि औषध बदलल्यावर हळूहळू निघून जातात. दुसरा असा की, एका औषधाला अंग सरावले म्हणजे दुसऱ्यालाही ते तितकेच सरावलेले असते असे नाही. म्यू ग्राहींचे (पेशींवरील ज्या जागांना ही औषधे चिकटतात त्यांचे) अनेक उपप्रकार असावेत आणि प्रत्येक औषध त्यांना थोडे निराळे भिडत असावे, हे त्याचे स्पष्टीकरण अधिक संभाव्य वाटते.

खरा वाद सममात्रेचा, म्हणजे कोणत्या औषधाची किती मात्रा दुसऱ्याच्या किती मात्रेइतकी वेदना शमवते याचा आहे. प्रचलित तक्त्यांचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत आहे. त्यांपैकी बरेच प्रयोग एकेका मात्रेचे होते, तर तक्ते वापरले जातात ते महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांसाठी. टोचून दिलेल्या व तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिनाचे प्रमाण एकमात्र प्रयोगांत १:६ येते, नियमित वापरात मात्र १:३ च्या आसपास धरतात. एवढ्यावरून तक्त्यातील आकड्याला किती वजन द्यावे हे कळते. २००४ मधील कॉक्रेन समीक्षेस (उपलब्ध संशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यास) या विषयावर एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी (रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली तुलना) आढळली नाही. त्यामुळे आकडा हा आरंभबिंदू मानून त्याहून खाली सुरुवात करावी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञगटाच्या शिफारशींनुसार आलेली सममात्रा सर्वसाधारणपणे २५ ते ५० टक्क्यांनी कमी करावी. उदाहरणार्थ, रोज १२० मि.ग्रॅ. मॉर्फिन तोंडावाटे घेणाऱ्यास १.५ या गुणोत्तराने ८० मि.ग्रॅ. ऑक्सिकोडोन (याच वर्गातील दुसरे औषध) लागेल असा हिशेब येतो. प्रत्यक्षात ४० ते ६० मि.ग्रॅ. दोन भागांत विभागून देतात आणि मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी शीघ्र परिणामी औषधाची वेगळी मात्रा हाताशी ठेवतात. वृद्ध, अशक्त किंवा श्वसनविकार असलेल्या रुग्णात अधिक कपात करतात.

मेथाडोन या ओपिऑइडाला हा हिशेब लागू पडत नाही. काही जुन्या तक्त्यांत ३० मि.ग्रॅ. मॉर्फिनास २० मि.ग्रॅ. मेथाडोन असे प्रमाण दिलेले आहे. त्यानुसार वरील रुग्णास ८० मि.ग्रॅ. मिळतील. कार्ला रिपामाँती व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले की, मॉर्फिनाची आधीची मात्रा जितकी मोठी तितके मेथाडोन तुलनेने अधिक प्रभावी ठरते. त्यांनी सुचविलेली मॉर्फिन व मेथाडोन यांची प्रमाणे मॉर्फिनाच्या रोजच्या ९० मि.ग्रॅ.पर्यंत ४:१, ९० ते ३०० पर्यंत ८:१ आणि त्यापुढे १२:१ अशी आहेत. त्यानुसार १२० मि.ग्रॅ.ला १५ मि.ग्रॅ. येतात, म्हणजे जुन्या हिशेबाच्या पाचव्या भागाहूनही कमी. शिवाय वेदनाशमन काही तासच टिकते, तर औषधाचे अर्धायुष्य (रक्तातील पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ) सुमारे ८ ते ५९ तास असते. पहिल्या दिवशी बरा दिसणारा रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी साठलेल्या औषधाने श्वास मंदावून दगावू शकतो. हृदयालेखातील क्यूटी अंतर (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातील विद्युत-क्रियेचा काळ) लांबण्याचा व त्यामुळे ठोके बिघडण्याचा धोकाही असल्याने असा पालट अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करतात.

फेंटानिल या ओपिऑइडाची त्वचेवर लावायची पट्टी ७२ तासांनी बदलतात. तिचा परिणाम जाणवण्यास १२ ते २४ तास लागत असल्याने दीर्घकाल परिणाम करणाऱ्या मॉर्फिनाची शेवटची १२ तासांची गोळी देतानाच ती लावण्याचा प्रघात आहे. पट्टी काढल्यावरही त्वचेखालील साठ्यातून औषध झिरपत राहते आणि रक्तातील पातळी निम्मी व्हायला १७ तास किंवा अधिक लागतात; म्हणून नवे औषध लगेच पूर्ण मात्रेत देत नाहीत. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास शोषण धोकादायकपणे वाढते. उत्पादकाच्या तक्त्यात ६० ते १३४ मि.ग्रॅ. मॉर्फिनास ताशी २५ मायक्रोग्रॅमची पट्टी दिलेली आहे. ही मात्रा जाणूनबुजून कमी ठेवलेली असल्याने तक्ता उलट दिशेने, म्हणजे पट्टीवरून दुसऱ्या औषधाकडे जाताना, वापरू नये.

भारतात ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांचा वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही त्यात अधिसूचित आहेत. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी नियम त्यामुळे देशभर एकसारखे झाले.