घर शंभर वर्षांचं, पाइप मात्र नंतरचे

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागातलं जुनं चिरेबंदी घर दुरुस्तीला काढलं की सगळे आधी कौलं आणि वासे बघतात. स्वयंपाकघरातल्या पाइपांची आठवण होते ती नवा ओटा बसवायच्या वेळी, आणि तोवर फरशीवाला दारात उभा असतो.

ही घरं बांधली तेव्हा नळाचा विचारच नव्हता. परसात विहीर आणि रहाट, न्हाणीत पाणी तापवायचं भाण, चुलीशेजारी कळशा. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट केळीच्या बुंध्याशी. ओपाचा जलप्रकल्प खांडेपार नदीवर १९५७ साली, पोर्तुगीज अमदानीतच सुरू झाला. गावोगावच्या स्वयंपाकघरांत नळ आला तो मात्र १९६१च्या मुक्तीनंतर, अस्नोडा, साळावली, चांदेल असे प्रकल्प उभे राहत गेले तसतसा. २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारं गोवा हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. ते प्रमाणपत्र नळजोडाचं. मीटरपासून आतली लाइन घरमालकाची, आणि ती कधी टाकली हे बहुधा कुठल्याच कागदावर नसतं.

या घरांतली जुनी लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. आट्यांवर ताग गुंडाळून, सफेदा फासून सांधे आवळायचे. त्या जुन्या सफेद्यात शिसं असे. जांभ्या जमिनीतलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. पाइपाच्या आत क्षारांचा संरक्षक थर धरत नाही, जस्त झिजतं आणि मग लोखंडाची पाळी येते. असा अर्धा इंची पाइप कापून पाहावा: बाहेरून रंग शाबूत, आत तपकिरी गाठी, आणि मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट. नळाला धार नाही म्हणून मोठा पंप बसवणारे इथेच फसतात.

नंतर प्लास्टिकचे पाइप आले, आधी पीव्हीसी, मग सीपीव्हीसी. बहुतेकांनी सगळी लाइन न बदलता फुटेल तिथे तुकडा जोडला. पूर्वी काही घरांत विजेचं अर्थिंग याच लोखंडी पाइपाला बांधत. मधे प्लास्टिक आलं की अर्थिंग तुटतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनलाही बोलवावं. गळती शोधणं त्याहून अवघड. भिंतीतला जांभ्याचा चिरा पाणी पितो, त्यामुळे ओल भलतीकडेच उमटते आणि पावसाळ्यात तर सगळ्याच भिंती ओल्या. तपासणी एप्रिल-मेमध्ये करावी: घरातले सगळे नळ बंद करायचे, टाकीकडे जाणारा व्हॉल्व्हही, आणि मीटरचा काटा हलतो का ते बघायचं.

सगळ्यात धोक्याची जागा वेगळीच. नळ आला तरी विहीर सुटली नाही. तिच्यावर पंप बसला आणि त्याची लाइन सोयीसाठी नळाच्याच पाइपाला जोडली गेली. पुरवठा बंद असताना मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, नसेल, तर विहिरीचं पाणी सरकारी लाइनीत शिरू शकतं. माझ्या मते व्हॉल्व्हच्या भरवशावरही राहू नये. दोन्ही लाइनी साफ तोडून टाकीवर वेगवेगळ्या तोंडांनी सोडाव्यात.

सांडपाण्याचंही तसंच. कळशीने पाणी भरायचे तेव्हा केळ तेवढं पिऊन टाकायची. नळ आल्यावर पाणी कैक पटींनी वाढलं, साबण वाढला आणि परसात शोषखड्डा खणला गेला. जागा सापडेल तिथे, कधी विहिरीपासून चार पावलांवर. ओटा बसवण्याआधी मोरीत रंगीत पाणी ओतून ते नेमकं कुठे जातं ते बघावं आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं. खड्डा हलवावाच लागला, तर परसात खणाखणी चालू असतानाच तो खर्च परवडतो.