मायक्रो-रोटरचे मर्यादित आवृत्तीचे घड्याळ : पाहावे कसे, वापरावे कसे

सप्रेम नमस्कार.

आमच्या नौपाडा, ठाणे येथील पेढीत सर्व्हिसिंगसाठी येणाऱ्या मौल्यवान घड्याळांत मायक्रो-रोटरची ऑटोमॅटिक घड्याळेही असतात आणि त्यांतील काही मर्यादित आवृत्तीची, म्हणजे ठरावीक संख्येतच तयार झालेली असतात. अशा घड्याळाची किंमत आणि मागच्या झाकणावरील क्रमांक यांची चर्चा पुष्कळ होते, परंतु त्याच्या मशीनविषयी ग्राहकाला क्वचितच काही सांगितले जाते. घड्याळाचे खरे मोल मशीनमध्येच आहे, असे आमचे मत असल्यामुळे हे माहितीपत्रक काढले आहे.

नेहमीच्या ऑटोमॅटिक घड्याळात अर्धवर्तुळाकार रोटर, म्हणजे फिरणारे वजन, मशीनच्या वर, मध्यभागी बसवलेला असतो. मनगट हलले की तो फिरतो आणि मेन स्प्रिंगला, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगला, आपोआप चावी मिळते. या रचनेमुळे घड्याळाची जाडी वाढते आणि जवळपास अर्धे मशीन सतत झाकलेले राहते. १९५० च्या दशकाच्या मध्यास स्वित्झर्लंडमधील ब्यूरेन आणि युनिव्हर्सल जिनिव्हा या कंपन्यांनी रोटर लहान करून तो इतर चाकांच्या शेजारी, मशीनच्या पातळीतच बसवला. हाच मायक्रो-रोटर. १९६० मध्ये पियाजेने याच मार्गाने १२पी हे केवळ २.३ मिमी जाडीचे मशीन केले, तर पातेक फिलिपचे १९७७ मधील २४० हे मशीन आजही तयार होते. ब्यूरेनचे पातळ मशीन हाताशी असल्यामुळेच १९६९ मध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-ब्यूरेन यांना त्यावर स्टॉपवॉचची यंत्रणा चढवून ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ करता आला.

मात्र रोटर लहान केला की त्याची ताकद घटते. जात्याचा खुंटा कडेऐवजी मध्याजवळ ठोकला तर दळताना जसा अधिक जोर लागेल, तसेच येथे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी रोटर जड धातूचा करावा लागतो. म्हणूनच अनेक निर्माते त्यासाठी २२ कॅरेट सोने वापरतात, ज्याची घनता पितळेच्या सुमारे दुप्पट असते. हे सोने केवळ शोभेसाठी नाही, ते तेथे काम करते, आणि आम्हांला या रचनेत सर्वांत अधिक भावते ते हेच.

आपले घड्याळ एकदा उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली निवांत पाहावे. मागचे झाकण काचेचे असल्यास, रोटर आड येत नसल्यामुळे बॅलन्स (वेळेची लय राखणारे, मागेपुढे झुलणारे चाक) आणि पुलांवरील (चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवरील) काम दिसते. पुलांच्या कडा तिरप्या घासून चकचकीत केलेल्या असतात. त्यांतील आत वळणारे टोकदार कोपरे विशेष लक्ष देऊन पाहावेत, कारण यंत्राचे फिरते हत्यार तेथे गोलाई सोडते आणि तो कोपरा धारदार करणे कारागिराच्या हातालाच जमते. आवृत्ती शंभर घड्याळांची असो वा हजारांची, डायलचा रंग वेगळा असला तरी मशीन पुष्कळदा कंपनीच्या नेहमीच्या घड्याळातीलच असते. त्यात कमीपणा नाही, पण आपण नेमके कशाचे मोल दिले, हे ग्राहकाला ठाऊक असावे.

दिवसभर ऐरोलीच्या कार्यालयात संगणकापुढे बसणाऱ्या ग्राहकाचे घड्याळ सोमवारी सकाळी बंद आढळले, तर तो दोष असेलच असे नाही. वर उल्लेखलेले पातेक फिलिपचे २४० मशीन पूर्ण चावीवर किमान ४८ तास चालते. शोपार्डने १९९६ मधील एल.यू.सी. मशीनमध्ये दोन बॅरल (मेन स्प्रिंगच्या डब्या) बसवून हा काळ सुमारे ६५ तासांवर नेला. घड्याळ हलवून सुरू करण्याऐवजी, निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळी सूचना नसेल तर, हाताने सावकाश वीसेक वेढे चावी द्यावी. ऑटोमॅटिकच्या मेन स्प्रिंगचे टोक पूर्ण ताणानंतर घसरते, त्यामुळे जास्त चावी बसून ती तुटण्याची भीती नसते. संध्याकाळी तलावपाळीला चालताना हात मोकळे हलतात, तेवढ्यानेही रोटरला चांगले काम मिळते.

पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरलेली दिसल्यास घड्याळ उन्हात न ठेवता त्याच दिवशी आणावे. घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाला, पॉलिश करण्याची घाई मात्र करू नये, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये धातू झिजतो, कडा बोथट होतात आणि कोरलेला क्रमांक पुसट होतो. आम्ही ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय पॉलिश करीत नाही, आणि सर्व्हिसिंगमध्ये बदललेला प्रत्येक मूळ भाग पाकिटात घालून परत देतो. तो घड्याळाच्या मूळ पेटीत, कागदपत्रांसोबत जपून ठेवावा.